थार रॉक्स बुक करताना: सनरूफ की गिअरबॉक्स?

आधीच सांगून ठेवते, हा महिंद्राच्या पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सचा रिव्ह्यू नाहीये. गाडी कशी पळते, आवाज किती येतो, मागे तिघं बसतात का, यावर मराठीत हिंदीत ढीगभर व्हिडिओ पडलेत, ते बघा. मला लिहायचंय ते बुकिंगच्या फॉर्मवर व्हेरिएंटचा रकाना भरण्याआधी जो घोळ होतो त्याबद्दल, कारण गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या निम्म्या लोकांनी मला हेच विचारलंय की तू टॉप मॉडेल का नाही घेतलंस, आणि दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं.

आमची गरज आधी. राहतो कोल्हापुरात, पण बाबांची काजूची बाग आहे आंबा घाट उतरून साखरप्याच्या बाजूला, आणि बाबांना आता झेपत नाही म्हणून ती मीच बघते. डांबरी रस्ता संपला की पुढे जांभ्याची पाणंद, मध्ये एक पऱ्या म्हणजे ओढा, आणि पऱ्याच्या पलीकडे चढ. उन्हाळ्यात तिथे कुठलीही गाडी जाते. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ चढतं, त्यावर लाल चिखलाचा थर, आणि त्या चढावर आमची जुनी टू व्हील ड्राइव्ह जीप नुसती चाकं फिरवत उभी राहायची, मग कुणाचा तरी ट्रॅक्टर बोलवा. म्हणजे फोर बाय फोर आमच्यासाठी रीलचा विषय नव्हता, जून ते सप्टेंबर बागेत पोचायचं की नाही हा विषय होता. बाकीचे आठ महिने हीच गाडी कोल्हापूर-पुणे हायवेवर, आईला दवाखान्यात न्यायला, मुलाला क्लासला सोडायला.

आता आपल्याकडे एक गंमत आहे. अमेरिकेत वगैरे लोक गाडी ऑर्डर करताना म्हणे एकेक गोष्ट निवडतात, हा एक्सल, तो लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारी यंत्रणा, पुढे सविस्तर सांगते), हे टायर, आत साधी सीट चालेल. इथे थाळी पद्धत. तुम्हाला फक्त भाजी-भाकरी हवी असली तरी श्रीखंडाचे पैसे द्यायचे, आणि वर श्रीखंड घेतलं नाही तर भाकरीच मिळत नाही अशी वेळ येते. म्हणजे मला लॉकर हवाय तर सोबत काय काय गळ्यात पडतं हे बघणं एवढंच आपल्या हातात.

थार रॉक्सवर येण्याआधी बाकीच्या दोन गाड्या बघून झाल्या, त्याही सांगते कारण तिथे हा प्रश्नच जवळजवळ येत नाही. जिमनी घेतली तर झीटा आणि अल्फा असे दोनच प्रकार, आणि दोन्हीत फोर बाय फोर आणि लो रेंज (हळू पण जास्त जोराने चढायचे वेगळे गिअर) सरसकट आहे, ही मारुतीची मला फार आवडलेली गोष्ट. झीटाला साधी लोखंडी रिम, छोटी स्क्रीन, अल्फाला अलॉय, एलईडी हेडलॅम्प, क्रूझ कंट्रोल असलं सगळं. एअरबॅग दोन्हीत सहा. वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात ही गाडी रुततच नाही म्हटलं तरी चालेल, आणि एकटी माणसं किंवा दोघं असतील तर मी आजही सांगेन डोळे झाकून जिमनी झीटा घ्या आणि उरलेल्या पैशात टायर बदला. पण आम्हाला मागे आई-बाबा, डिकीत काजूची पोती, आणि वर घाट. १०५ पीएसचं पेट्रोल इंजिन आणि चार गिअरचं ऑटोमॅटिक यांचं आंबा घाटात भरल्या गाडीनिशी काय होतं ते चालवून बघितलं आणि हळहळत सोडली.

दुसरी गुरखा. फोर्स म्हणजे पुण्याची कंपनी, नवऱ्याला आधीपासून प्रेम. ऑफ-रोडसाठी कारखान्यातून इतकं सामान दुसऱ्या कुठल्या गाडीत या पैशात येत नाही, पुढे-मागे दोन्हीकडे मेकॅनिकल लॉकर, स्नॉर्केल (इंजिनाला वरून हवा देणारी नळी) कंपनीचाच, पाण्यात ७०० मिलिमीटरपर्यंत जायची क्षमता. आणि व्हेरिएंटची भानगड नाही, तीन दरवाजे की पाच दरवाजे एवढंच विचारतात. २०२४ च्या मे महिन्यात पाच दरवाज्यांची आली तेव्हा १८ लाख एक्स-शोरूम. बागेपुरती गाडी हवी असती तर विषय तिथेच संपला असता. पण ऑटोमॅटिक नाही, आणि आईला आत चढवायचं म्हणजे एक कार्यक्रमच. तीन दरवाज्यांची थार तर मागच्या सीटमुळेच बाद, आईला पुढची सीट वाकवून मागे जा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही.

मग रॉक्स. ऑगस्ट २०२४ ला गाडी दाखवली, फोर बाय फोरचे भाव मात्र सप्टेंबरच्या शेवटी सांगितले. तोपर्यंत शोरूमवाल्यांनी टू व्हील ड्राइव्ह गळ्यात मारायचा चांगला प्रयत्न केला, मॅडम दिसायला सेम आहे, हायवेला काही फरक पडत नाही, पुण्यात सगळे हीच घेतात. पडत नाही फरक, खरंय, पण माझी पाणंद हायवेला जोडलेली नाही ना भाऊ.

आणि हा माणूस बोलायचा माझ्या नवऱ्याकडे बघून. मी विचारायची, उत्तर त्याला मिळायचं. शेवटी नवरा म्हणाला, "साहेब, मी फक्त गाडीत बसणार आहे, चालवणार ही आहे." त्यानंतर मला मायलेज आणि रंग या दोन विषयांवर माहिती मिळायला लागली. असो.

तर भाव. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये, पेट्रोलवाल्यांचा विषयच कट. सुरुवातीचे चार पर्याय असे होते: एमएक्स ५ मॅन्युअल १८.७९ लाख, एएक्स ५ एल ऑटोमॅटिक २०.९९ लाख, एएक्स ७ एल मॅन्युअल तेही २०.९९ लाख, आणि एएक्स ७ एल ऑटोमॅटिक २२.४९ लाख. सगळे एक्स-शोरूम. मधले दोन नीट बघा. एकच किंमत. एका गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुसरीत मॅन्युअल पण त्या बदल्यात पॅनोरॅमिक सनरूफ, व्हेंटिलेटेड सीट, हरमन कार्डनचे नऊ स्पीकर, ३६० डिग्री कॅमेरा, १९ इंची चाकं. आमच्या घरातलं पूर्ण भांडण या एका आकड्यावर झालं.

भांडणाआधी एक मुद्दा मिटवून टाकते, कारण टॉप मॉडेल घ्या म्हणणारे सगळ्यात आधी तोच पुढे करतात. सेफ्टी. रॉक्सच्या सगळ्यात स्वस्त एमएक्स १ पासून सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी सिस्टीम) आहे, आणि भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये नोव्हेंबर २०२४ ला पाच स्टार मिळाले, मोठ्यांसाठी ३२ पैकी ३१.०९ आणि लहान मुलांसाठी ४९ पैकी ४५. म्हणजे वरच्या मॉडेलचे पैसे सेफ्टीच्या नावाखाली भरायची गरज नाही. राहतं ते ॲडास, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम, आणि ते एएक्स ५ एलमध्येही येतंच. हायवेला पुढची गाडी बघून स्पीड आपोआप कमी होतो ते मला आवडतं, घाटात लेनचं ते स्टिअरिंग हलवणं मी बंद करून टाकते.

नवऱ्याचं म्हणणं एमएक्स ५ घ्या. लॉकर त्यातही आहे, लो रेंज त्यातही आहे, लेदरेटच्या सीट, छोटं सनरूफ, १८ इंची अलॉय, अजून काय पाहिजे. तो अकाउंट्सवाला आहे, त्याने कागद काढला. एमएक्स ५ आणि एएक्स ५ एलमध्ये दिसायला फरक २ लाख २० हजार. पण महाराष्ट्रात डिझेल गाडीला १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के रोड टॅक्स आणि २० लाखांच्या वर १५ टक्के, आणि हा १५ टक्के वरच्या ९९ हजारांवर नाही, अख्ख्या किमतीवर. म्हणजे एमएक्स ५ ला टॅक्स २ लाख ६३ हजार, एएक्स ५ एलला ३ लाख १५ हजार. फरक झाला २ लाख ७२ हजार, आणि त्यातले जवळपास २१ हजार नुसते २० लाखांची रेषा ओलांडल्याबद्दल. वर इन्शुरन्स पण गाडीच्या किमतीवर. पेट्रोलला हेच १२ आणि १३ टक्के आहे, आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर थेट २० टक्के, त्यामुळे बिझनेसवाल्यांनी हे गणित वेगळं करा. दहा लाखांच्या वर १ टक्का टीसीएस (डीलर आधीच घेऊन ठेवतो तो इन्कम टॅक्स) लागतो तो मात्र रिटर्न भरताना परत मिळतो किंवा टॅक्समध्ये धरता येतो, तो खर्चात धरून घाबरू नका, बऱ्याच जणांना हे सांगतच नाहीत.

या गणितातून एक गोष्ट माझ्या डोक्यात फिट बसली. वरच्या मॉडेलमध्ये जे काही फीचर येतं त्यावर आपण दीड-दोन लाख रुपयेच नाही, त्याच्यावर रोड टॅक्सही भरतो. आणि तेच फीचर बाहेरून बसवलं तर रोड टॅक्स शून्य. मग मी वहीत दोन रकाने केले, नंतर बसवता येणारं आणि जन्मात बसवता न येणारं. स्पीकर नंतर बसतात. कॅमेरे बसतात, कंपनीइतके साफ नसतील पण बसतात. हवा येणारी सीट हवी तर तसली गादी मिळते. टायर, दिवे, मॅट, रूफ कॅरिअर सगळं बाहेर. नंतर न बसणारं काय? फोर बाय फोर, लो रेंज, लॉकर, इंजिन, गिअरबॉक्स. आणि काचेचं छत.

इथे नवरा म्हणाला, म्हणजे तुझ्याच नियमाने पॅनोरॅमिक सनरूफ आत्ताच घ्यायला पाहिजे. बरोबर आहे, नियमाने पाहिजे. पण मला ते नकोच होतं हो. लाल धुळीचा रस्ता, वर काजूच्या फांद्या घासतात, त्या चॅनलमध्ये पाला-धूळ जाऊन बसणार, आणि पावसाळ्यात ते पाणी कुठून आत येतंय हे शोधत मी बसणार. दिरांना मात्र तेच हवं होतं. गाडी आमची, पैसे आमचे, आणि मत त्यांचं सगळ्यात ठाम. मुलाला हरमन कार्डन. बाबांना फक्त पांढरा रंग. आईला कुठलीही चालेल पण चढताना पाय ठेवायला पायरी हवी.

आता लॉकरबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही आणि फोर बाय फोर आहे म्हणजे झालं असं लोकांना वाटतं. साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे एक्सलच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागात, ज्या चाकाला कमी अडथळा, ते चाक जास्त फिरतं. वळणावर ते बरोबर आहे. पण पऱ्याच्या काठावर चढताना एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या बाजूचं मागचं चाक हवेत गेलं की इंजिनाची ताकद त्या हवेतल्या चाकांतूनच निघून जाते, जमिनीवरची दोन चाकं गप्प उभी. फोर बाय फोर असून गाडी जागेवर. लॉकर लावला की त्या एक्सलची दोन्ही चाकं एकत्रच फिरतात, आणि जमिनीवर टेकलेलं चाक गाडी ढकलतं. ब्रेक लावून फिरणाऱ्या चाकाला थांबवणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीमही असते, जिमनीत तेच आहे, आणि ते काम करतं, पण त्याला आधी चाक फिरू द्यावं लागतं आणि शेवाळावर चाक फिरलं की गाडी आडवी सरकायला लागते. म्हणून मला मागचा लॉकर हवाच होता. रॉक्समध्ये तो इलेक्ट्रॉनिक आहे, बटण दाबायचं. कुठलीही गाडी घेत असाल तरी ब्रोशरमधल्या तक्त्यात लॉकरची ओळ शोधा आणि नेमका तुमच्याच व्हेरिएंटच्या खाली टिक आहे का बघा, सेल्समनच्या "आहे मॅडम सगळं आहे" वर जाऊ नका. आणि जमलं तर चालवून बघायला फोर बाय फोरच मागा. आम्हाला टेस्ट ड्राइव्हला टू व्हील ड्राइव्ह देऊन सरळ रस्त्यावर फिरवून आणलं, मग ओळखीतल्या एकांच्या गाडीत त्यांच्या शेतावर बसून लो रेंज काय असते ते बघितलं तेव्हा निर्णय झाला.

कारण निर्णय तिथे गिअरबॉक्सवरच झाला. लो रेंजमध्ये मॅन्युअल गाडी चालवता येते, नाही असं नाही, आमच्या बाबांनी आयुष्यभर तेच केलं. पण ओल्या चढावर अर्ध्यात थांबून परत उचलायची म्हणजे डावा पाय क्लचवर, उजवा ब्रेक आणि ॲक्सिलरेटरमध्ये, आणि क्लचचा वास गाडीभर. टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक हळूहळू सोडला की गाडी मुंगीच्या चालीने वर चढते. शिवाय याच इंजिनाची ताकद दोन्ही गिअरबॉक्सला वेगळी आहे, हे मला ब्रोशर नीट वाचल्यावर कळलं: मॅन्युअलला १५२ पीएस आणि ३३० एनएम, ऑटोमॅटिक फोर बाय फोरला १७५ पीएस आणि ३७० एनएम. भरली गाडी आंबा घाट चढताना हा फरक कळतो. आणि माझा डावा गुडघा, त्याबद्दल इथे लिहीत नाही, पण पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये त्याचं काय होतं ते मलाच माहीत.

म्हणजे एएक्स ५ एल. सेल्समन चक्रावला, मॅडम तेवढ्याच पैशात सेव्हन एल येतेय, रिसेललाही टॉप मॉडेलच चालतं. रिसेलचं माहीत नाही, मी गाडी विकायला घेत नाहीये.

चाकांचा मुद्दा राहिला. एएक्स ७ एलची १९ इंची चाकं फोटोत फार देखणी दिसतात. टायर २५५/६० आर १९, आणि १८ इंचीचा २५५/६५ आर १८. हिशोब करून बघा, दोन्ही टायरची बाहेरची उंची एकच येते, साधारण ७८९ मिलिमीटर, त्यामुळे १९ इंचीने ग्राउंड क्लिअरन्स एक केसभरही वाढत नाही. वाढते ती रिम, आणि तेवढं रबर कमी होतं, १६६ मिलिमीटरची साइडवॉल १५३ वर येते. जांभ्याच्या दगडांवर ते तेरा मिलिमीटर रबर मला हवंय, टायरमधली हवा थोडी कमी करून चालवायची तर अजूनच हवंय. म्हणजे महाग व्हेरिएंट इथे आमच्या कामाला उलट वाईट.

सेव्हन एलमधली एकच गोष्ट मला खरंच हवी होती ती म्हणजे ३६० कॅमेरा. लांब बॉनेट, चढाचा माथा आला की समोर नुसतं आभाळ दिसतं, चाक कुठे पडणार कळत नाही. पण त्यासाठी ऑटोमॅटिक सेव्हन एल म्हणजे अजून दीड लाख अधिक टॅक्स. नाही. पलीकडच्या बाजूला कुणीतरी उतरून हातवारे करायला उभं राहतं, काम होतं.

रॉक्सची एक मर्यादा मात्र कुठलंही व्हेरिएंट घेतलं तरी जात नाही, ती माहीत असू द्या. व्हीलबेस २८५० मिलिमीटर, छोट्या थारचा २४५०. पुढून-मागून चढाचा कोन दोन्हींचा जवळपास सारखाच आहे, पुढचा ४१ अंशांच्या वर, पण पोटाखालचा कोन रॉक्सचा २३.९ अंश आणि छोटीचा २७ च्या आसपास. म्हणजे बांधावरून पार होताना रॉक्सचं पोट आधी घासणार. आमच्या पाणंदीतला एक उंचवटा म्हणून जेसीबीने थोडा खाली घेतला, तो खर्च गाडीच्या बजेटमध्ये धरलेला नव्हता. आणि अरुंद वळणावर लांब गाडी अडते, त्यासाठी इंटेलिटर्न नावाचं एक आहे, लो मध्ये आतलं मागचं चाक धरून ठेवतं आणि गाडी कमी जागेत वळते. मला आधी ते जाहिरातीपुरतं वाटलं होतं, बागेच्या फाटकापाशी रोज वापरते. डांबरावर असलं काही करायचं नाही, फोर हाय (नेहमीच्या गिअरमधला फोर बाय फोर) सुद्धा कोरड्या डांबरावर लावायचा नाही, पार्ट टाइम सिस्टीम आहे, पुढच्या-मागच्या एक्सलला वेगवेगळं फिरायला वाव राहत नाही आणि सगळा ताण आतल्या पार्टवर येतो.

आतला रंग. हा प्रश्न मला क्षुल्लक वाटला होता पण रॉक्स आली तेव्हा सीटा होत्या पांढऱ्या. पांढऱ्या! लाल मातीतल्या गाडीला. लोकांनी इतकी बोंब मारली की कंपनीने फोर बाय फोरला मोका ब्राऊन रंगाचा पर्याय दिला, त्याची डिलिव्हरी मात्र जानेवारी २०२५ च्या शेवटापासून म्हणाले. आम्ही थांबलो. तसंही ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासात १ लाख ७६ हजार २१८ बुकिंग झाली होती, थांबायचं तर होतंच. बाहेरून पांढरा घेतला बाबांसाठी, आणि खरं सांगायचं तर लाल चिखल पांढऱ्यावर दिसतो, पण चिखल वाळल्यावर ओरखडे काळ्यावर जास्त दिसतात, दिरांच्या काळ्या गाडीकडे बघून सांगतेय. फॉर्मवर आतल्या रंगासकट पूर्ण व्हेरिएंट लिहून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर "ब्राऊनला वेळ लागेल, आयव्हरी लगेच आहे" हा फोन येतोच.

आता शोरूममधल्या ॲक्सेसरीजचं पॅकेज. फॉर्म भरताना समोर एक छापील यादी सरकवतात आणि त्यावर आधीच टिका केलेल्या असतात. सिरॅमिक कोटिंग, क्रोमच्या पट्ट्या, दाराच्या कडांचे गार्ड, चमकणारे स्कफ प्लेट. सरळ खोडा. मी रबरी खोल मॅट घेतले, चिखल्याचे फ्लॅप घेतले, आणि आईसाठी पायरी, जिच्यामुळे बाजूने दगड लागायची शक्यता वाढते हे माहीत असून. बाकी बाहेरून: ओढायचा पट्टा, दोन चांगले शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), टायरमध्ये हवा भरायचा पंप आणि हवा मोजायचा साधा गेज. हा पट्टा कार ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो तो हुकवाला घेऊ नका, हुक सुटला तर काच फोडून आत येतो, जाड विणलेला आणि गाडीच्या वजनाच्या दुपटीहून जास्त ताण घेणारा बघून घ्या.

आणि पुढचा लोखंडी गार्ड. दिरांनी तोही सुचवला होता, जीप म्हणजे गार्ड पाहिजेच. गाडीच्या रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलंय. पण त्याहून मोठं कारण म्हणजे पुढचा भाग धडकेत चेपला जाईल अशाच हिशोबाने बनवलेला असतो आणि एअरबॅगचे सेन्सर त्याच हिशोबावर चालतात. मधे लोखंड ठोकलं की पाच स्टारला काय अर्थ राहिला. लिफ्ट किट आणि मोठे टायर लावणारे पण वॉरंटीचे कागद आधी वाचा.

इन्शुरन्सवर शेवटचं बोलते आणि थांबते. शोरूमचाच घ्यायला पाहिजे असं काही नाही, बाहेरून कोटेशन आणलं की त्यांचाही आकडा खाली येतो, आमचा आला. नवीन गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा सक्तीचा आहे, बाकीचं तुमच्यावर. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टचा घसारा न कापणारं कव्हर) सगळेच घेतात, पण पाण्यातून जाणार असाल तर इंजिन प्रोटेक्ट नावाचं ॲड-ऑन वेगळं विचारून घ्या. रॉक्सची पाण्यात जायची क्षमता ६५० मिलिमीटर लिहिलेली आहे, ती उभ्या शांत पाण्याची, पऱ्याला जोर असेल तर त्या आकड्यावर विसंबायचं नाही, आणि एकदा इंजिनात पाणी शिरलं की साध्या पॉलिसीत ते बसत नाही. एक्स्टेंडेड वॉरंटी मी घेतली, इतकं इलेक्ट्रॉनिक असलेल्या गाडीला नको म्हणायचं धाडस झालं नाही. बाहेरून बसवलेल्या महाग वस्तू पॉलिसीत लिहून घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी त्या गाडीत नव्हत्याच असं धरतात.

हे सगळे भाव आमच्या बुकिंगच्या वेळचे आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीला सेस जाऊन सरळ ४० टक्के जीएसटी झाला आणि रॉक्सचे भाव व्हेरिएंटनुसार १ लाख ३३ हजारांपर्यंत खाली आले. त्यामुळे आता घेत असाल तर आजची प्राइस लिस्ट मागवा आणि आधी बघा की तुमचं व्हेरिएंट २० लाखांच्या अलीकडे पडतंय की पलीकडे, नवऱ्याने काढलेला तो कागद तेवढ्यावरच उलटा होऊ शकतो. आम्ही वर्षभर थांबलो असतो तर वाचले असते का, हो वाचले असते, पण मधला एक पूर्ण पावसाळा मी बागेत स्वतःच्या गाडीने गेले, ट्रॅक्टरवाल्याला एकदाही फोन केला नाही.